वेणूचे पाच रांजण

बदलापूर गावातल्या वेणूच्या पडवीत जांभळाच्या वाईनचे पाच रांजण होते. २००७ चा ऑगस्ट होता. जूनमध्ये तिनं जांभळं कुस्करून भरली, त्यात बाहेरचं काही घातलं नाही. सालीवर जे यीस्ट असतं त्यानंच रस फसफसला. गाळ आपोआप खाली बसू द्यायचा, त्यासाठी अंड्याचा पांढरा बलक नाही की जिलेटिन नाही, असा शब्द तिनं नेत्राला दिला होता. परवाना नेत्राचा, मुंबईतलं दुकानही तिचंच. तिची गिऱ्हाइकं दूधसुद्धा घेत नसत.

वाईन टिकवायच्या पावडरींचा तर वेणूला संतापच यायचा. तिचा नवरा अनंता अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलची पिंपं धुवायचा. चाळिशीच्या आत रक्त ओकत गेला.

त्या दुपारी ती बाजारातून आली, तर धाकटा दीर जनू रांजणावर वाकलेला. पायाशी अंड्यांची टरफलं आणि एक फाडलेली पिशवी.

"काय ओतलंस?"

"वयनी, बोंबलू नको. उल्हासनगरचा चंदर येतोय टेम्पो घेऊन. त्याला काचेसारखा माल पायजे, टिकाऊ. तीन झाले, दोन रायले."

"पिशवीवर नाव पण नाय. लोकांना काय पाजतोस?"

"कोण मरत नाय."

वेणूनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिला रांजण फोडला. जांभळा लोंढा उंबऱ्यापर्यंत गेला. दुसरा फोडेपर्यंत जनूनं तिचे केस धरून तिचं तोंड खांबावर आपटलं. दोन दात तुटले. तो गळा आवळू लागला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हातातली पहार सुटली नव्हती. तिनं ती खाली, त्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज झाला. जनू किंचाळत वाईनमध्ये कोसळला. तिनं अजून एकदा हाणली, त्याच पायावर. मग तिसरा रांजण फोडला.

दारात टेम्पो थांबला. चंदरनं आत डोकावून पाहिलं.

"चंदरभाई, मला दवाखान्यात न्या," जनू रडत म्हणाला.

"मेरेको नहीं पडने का इसमें," असं म्हणून चंदरनं टेम्पो वळवला.

वेणू बराच वेळ पहार धरून बसली. आपण त्याला आणखी मारू शकलो असतो, याची तिला भीती वाटली. मग तिनं रिक्षा बोलावली आणि जनूला काखेत हात घालून ओढत रिक्षात बसवलं.

"पोलिसांना सांगशील?" त्यानं विचारलं.

"सांगनार. तुझं पण, माझं पण."

जनूचा पाय कायमचा वाकडा राहिला. दोघांवरही केस झाली. उरलेले दोन रांजण नेत्रा येऊन घेऊन गेली. वेणूनं तिला आधी सगळं सांगितलं होतं. चौकीत हवालदारानं विचारलं होतं, "बाई, पहार चुकून लागली म्हणून लिहू?"

"चुकून नाय," सुजलेल्या तोंडानं वेणू म्हणाली. "मीच मारली. का मारली, ते पण लिवा."