कडीचा आवाज

नोरीननं नवी डबी फाटकाच्या खांबाला बसवली, पान्यानं शेवटचा पीळ दिला आणि मागे सरून उभी राहिली. गायीच्या गळपट्ट्याची खूण पटली, की डबीनं फाटक उघडायचं आणि गायीनं आपल्या पायांनी दूध काढणाऱ्या यंत्रात शिरायचं.

"सहाव्यांदा आलीस," आर्डेल म्हणाला. "आता तुलाच एक गळपट्टा घालतो."

म्हातारा स्वतःच्या विनोदावर हसला नाही. विस्कॉन्सिनात तशी पद्धत नाही.

डबी करायची, आर्डेलच्या गोठ्यात लावायची, चुकेल ते टिपायचं, सुधारून पुन्हा आणायची, हेच नोरीनचं काम. ही शेवटची फेरी. यानंतर डबीत बदल बंद. ती थेट कारखान्यात. या फेरीतली दुरुस्ती तिच्या अभिमानाची होती. उघडण्याआधी कडी उगाच एकदा खाड्कन आपटायची. ती खोड तिनं जिवाचा आटापिटा करून घालवली होती.

फाटक लोण्यासारखं सरकलं. समोर उभी असलेली जेरेनियम गाय हलली नाही. फाटक मिटलं, पुन्हा उघडलं. गाय तशीच.

आर्डेलनं टोपी काढून परत घातली. त्याच्या मुलाचा नियम साधा होता: जिला ढकलत न्यावं लागतं, ती शुक्रवारी कसाईखान्याला जाणाऱ्या ट्रकमध्ये. मुलगा दुपारी येणार होता.

"जुनीच डबी लाव."

"तिच्यात दोष होता, आर्डेल."

"दोष तुला वाटला."

नोरीननं जेरेनियमच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही. तिनं आर्डेलकडे पाहिलं. तो चाऱ्याकडे पाहत होता.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. पोराला सांगितलेलं नाही." मग टोपी सारखी करत, "दूध अजून चांगलं देते गं."

नोरीननं बादली पालथी घातली, वर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं कडी आपटली. खाड्. जेरेनियमनं कान टवकारले आणि मान खाली घालून सरळ आत गेली.

कॉफी घेताना साहेबांचा फोन आला. या फेरीत नवीन काय, असं त्यांनी विचारलं.

"उघडण्याआधी फाटक वाजतं."

ते तर तूच काढलं होतंस, साहेब म्हणाले. आता ही कुणाची मागणी?

आतून यंत्राची संथ धडधड ऐकू येत होती. आर्डेल कपात बघत होता.

"वापरणारीची," नोरीन म्हणाली.