खोट्या टाचण्यांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आग्नेय आशियाचा. वयाच्या मानाने माझे रंग बरे टिकले आहेत आणि स्वभावाने मी शांत आहे. पण आज मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझ्यावर एकामागून एक चार रंग चढले. मग मला जाड कापडावर चिकटवले आणि वर-खाली लाकडी दांडे बसवले. छापणारा माणूस भिंग लावून प्रत्येक किनारा तपासत असे. निळी रेघ केसभर जरी सरकलेली दिसली, तरी तो कागद बाजूला टाके. माझी कितीतरी भावंडे अशी तिथेच रद्दीत गेली. शिवाय माझ्या मधूनच विषुववृत्त जाते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचे देश ताणून मोठे दिसू लागतात, पण विषुववृत्ताजवळ ही ओढाताण फारच थोडी होते. सुमात्रा, बोर्निओ, मेकाँग नदीचे मुख, सारे माझ्यावर जवळजवळ जसेच्या तसे आहे. मला माझ्या खरेपणाचा अभिमान होता, तो असा रास्त होता.

एका विद्यापीठाने मला विकत घेतले आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागात लावले. विभाग म्हणजे एक वर्ग, एक कपाट आणि बाई. बाई आग्नेय आशियाचा इतिहास शिकवत आणि तिथली एक भाषाही शिकवत. शेजारच्या विभागातले प्राध्यापक दारातून डोकावून विचारत, "बाई, तुमची पोरं ही भाषा शिकून बोलणार तरी कोणाशी?"

"तिथल्या लोकांशी," बाई खडू न थांबवता म्हणत. "बरेच आहेत ते."

बाईंनी हळूहळू तिकडच्या काही विद्यापीठांशी ओळखी जमवल्या. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी एक सत्र तिकडे राहून शिकू शकेल, अशी सोय केली. त्यांचा एक नियम होता. टाचणी बाई स्वतः कधीच लावत नसत. जाऊन आलेल्या विद्यार्थ्याने परत आल्यावर स्वतःच्या हाताने माझ्यावर लाल टाचणी लावायची आणि मग साऱ्या वर्गाच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. पहिला प्रश्न बाईंचा असे. "रडू कुठे आलं, ते आधी सांग."

मुले हसत आणि मग खरे सांगत. एक उंच मुलगा जावा बेटावर भलत्याच गावात बसमधून उतरला होता. बस स्थानकावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा बसच्या वाहकाने त्याला आपल्या घरी नेले. एका मुलीला जाताना रडू आले नाही, येताना आले. माझ्या कोपऱ्यात जिथे खुणांचे अर्थ दिलेले असतात, तिथे बाईंनी शाईने लिहिले होते : 'लाल टाचणी : आपले माणूस इथे राहून आले.' टाचण्या थोड्या होत्या. पण त्या प्रत्येक टाचणीमागे एक माणूस होते, आणि बोटाने दाखवता येईल असा त्याचा वर्ग, बाक, हॉस्टेलची खोली होती. टोचले तरी मला दुखत नसे.

बाई निवृत्त झाल्या. वर्गाचे कार्यालय झाले आणि दारावर 'आंतरराष्ट्रीय संधी केंद्र' अशी चकचकीत पाटी लागली. संचालक आले. त्यांनी मला दारासारखी उघडणारी काच असलेली सोनेरी चौकट करवली. ती इतकी रुंद होती की खुणांचे अर्थ सांगणारा माझा कोपरा तिच्याखाली झाकला गेला. मला वाटले, असू दे, निदान धूळ तरी बसणार नाही. केवढा भाबडा होतो मी.

मग तपासणी समिती येणार असे ठरले. संचालक माझ्यासमोर उभे राहिले, मान तिरकी करून बघू लागले.

"नकाशा रिकामा दिसतोय," ते कार्यालयातल्या ताईंना म्हणाले. "करार किती ठिकाणी केलेत आपण? तिथं तिथं टाचण्या लावा. नदीच्या मुखाशी दाट लावा, नजर आधी तिथंच जाते."

"सर, पण तिकडे अजून आपलं कोणी गेलं नाहीये."

"सही झाली ना? मग गेल्यासारखंच आहे."

ताईंनी काच उघडून तशाच लाल टाचण्या लावल्या. एकेका करारासाठी मूठभर. समितीने माझ्यापुढे फोटो काढून घेतला आणि फार कौतुक केले. मित्रांनो, आयुष्यात मला इतकी दाद कधी मिळाली नव्हती, आणि मला इतकी लाजही कधी वाटली नव्हती. माझी निळी रेघ केसभर सरकली असती तर छापखान्याने मला फाडले असते. इथे माणसेच्या माणसे खोटी लावली, तर शाबासकी मिळाली.

काही महिन्यांनी एक मुलगी आली. ती खारफुटीच्या मुळाशी साचणाऱ्या गाळाचा अभ्यास करत होती. मैत्रिणी तिला चिखलराणी म्हणत आणि तिला ते आवडे. बरोबर तिची आई होती. आई रुग्णालयात परिचारिका होती आणि पाळी संपवून तशीच आली होती.

आग्नेय आशियात जायला चिखलराणीपुढे दोन वाटा होत्या. एका बेटावरच्या विद्यापीठाच्या जागी बाईंच्या काळातली एकच टाचणी होती. दुसरे होते नदीच्या मुखाशी, जिथे टाचण्यांची नुसती गर्दी होती.

"आई, तुझं म्हणणं काय ते आत्ताच सांग. दोन्हीकडे अर्ज करता येत नाही."

आईने चष्मा वर सरकवून मला नीट पाहिले. "जिथे आपली इतकी मुलं राहून आलीत, तिथे जा बाई. तुला ताप आला तर कोणाला तरी विचारता येईल. त्या एकट्या टाचणीच्या भरवशावर मी नाही पाठवायची."

"म्हणजे जाऊ?"

"आता काय स्टॅम्पावर लिहून देऊ?"

संचालक तिथेच बसले होते. त्यांनी हे सारे ऐकले आणि हसून अर्ज पुढे सरकवला. एक शब्द बोलले असते, तर पुरे होते. मला तोंड असते तर मी भिंत हलवली असती.

बेटावरच्या विद्यापीठात अर्ज करायची मुदत संपली. त्यानंतर नदीमुखावरून उत्तर आले. करार आहे, पण विद्यार्थी घेण्याची व्यवस्था अजून झालेली नाही, क्षमस्व.

मायलेकी पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षी नक्की होईल," संचालक म्हणाले.

"तोवर हिचं शिक्षण संपलेलं असेल," आई म्हणाली. मग तिने टाचण्यांकडे बोट केले. "यातल्या एका तरी मुलाशी बोलणं करून द्या. ते कसे गेले, ते विचारते."

संचालकांनी पेनचे टोपण काढले, पुन्हा लावले. "त्या टाचण्या कराराच्या आहेत, ताई. विद्यार्थ्यांच्या नव्हेत."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

चिखलराणी माझ्याकडे वळली. तिने चौकटीच्या कडेखाली नखे घालून काच उघडली आणि नदीच्या मुखाजवळच्या टाचण्या एकेक करून उपटल्या. "अहो, समिती परत यायची आहे," संचालक म्हणाले. तिने मूठ त्यांच्या टेबलावर उघडली आणि आईचा हात धरून ती निघून गेली. त्या वर्षी ती कुठेच गेली नाही. दुसऱ्या दिवशी टाचण्या पुन्हा लागल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा एखाद्या कार्यालयात जाल. परदेशी शिकायच्या संधींनी भिंत भरलेली असेल. तेव्हा संकोच करू नका. इथून कोण जाऊन आले ते विचारा, त्याला भेटायचे आहे म्हणा, आणि त्याला रडू कुठे आले तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. आणि माझी काळजी वाटलीच, तर माझी काच पुसू नका, माझी चौकट चमकवू नका. धूळ मला चालते, ती खोटे बोलत नाही. आधी माझ्या अंगावरच्या त्या टाचण्या काढा.