टॅबिथाची चकती

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी चकती आहे. माझ्या बाहेरच्या कड्यावर इंग्रजी मुळाक्षरे कोरली आहेत आणि आतल्या, फिरणाऱ्या कड्यावर पुन्हा तीच. आतले कडे काही घरे सरकवले, की साध्या मजकुराची गुप्त लिपी होते. किती घरे, हे ज्याला ठाऊक त्यालाच ती वाचता येते.

फिलाडेल्फियातल्या एका घड्याळजीने मला आपल्या मुलीसाठी घडवले. टॅबिथा तिचे नाव. ती छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. बोटे शाईने काळी, पण डोके असे तल्लख की मला हातात न घेताही ती मनातल्या मनात फिरवायची.

तिचा मित्र ॲम्ब्रोज गोष्टी लिहायचा, पण त्या कोणी छापत नसे. एका हिवाळ्यात दोघांनी मिळून एक रहस्यकथा रचली. बुडालेल्या जहाजाचा कप्तान आपल्या मुलीसाठी गुप्त लिपीत चिठ्ठी ठेवून जातो आणि त्या चिठ्ठीवरून त्याचा खुनी सापडतो. माणसे ॲम्ब्रोजची. चिठ्ठी, तिची उकल, खुन्याला पकडून देणारी त्याची एक चूक, सगळे टॅबिथाचे. घडाभर सफरचंदाचा रस संपवून ॲम्ब्रोज म्हणाला होता, "वर दोघांची नावं टाकू. तुझं आधी!"

वसंतात ती कथा एका मासिकासाठी छपाईला आली, तीही टॅबिथाच्याच छापखान्यात. मी तिच्या ॲप्रनच्या खिशात होते. पहिल्या पानावर एकच नाव होते: ॲम्ब्रोज पील.

"हात का थांबले गं?" मुकादम गूल्ड यांनी विचारले.

"काही नाही. 'ए'चा खिळा सापडत नाहीये."

"समोरच तर आहे! डोळे घरी ठेवून आलीस का?"

मित्रांनो, ते पान तिच्या बोटांत होते. स्वतःचे नाव घालणे किंवा चिठ्ठीतले एक अक्षर बदलून कथा कायमची बिघडवणे, काहीही तिला जमले असते. तिने एकही खिळा इकडचा तिकडे केला नाही. फक्त त्याच्या नावाचे खिळे बसवताना तिचा हात मला खिशातूनही जड वाटला.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्रोज आला. "संपादक म्हणाले, मुलीचं नाव पाहिलं तर असल्या कथेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पुस्तक निघेल ना, तेव्हा घालू. शप्पथ! आणि ती चकती दोन दिवस दे. व्याख्यानात लोकांना दाखवतो."

तिने विश्वास ठेवला. मला त्याच्या हातात दिले.

दोन दिवसांची दोन वर्षे झाली. पुस्तक निघाले, त्यातही तिचे नाव नव्हते. गावोगावी तो मला उंच धरून सांगायचा, "ही माझी कल्पना!" टाळ्या पडायच्या. मला तोंड नव्हते.

एकदा आम्ही फिलाडेल्फियाला परतलो. भर दुपारच्या सभेत एका आजीबाईंनी म्हटले, "माझ्या नातीचं नाव डोरोथी. ते या लिपीत लिहून दाखवा ना." ॲम्ब्रोजने मला उलटे फिरवले, मग सुलटे, मग पुन्हा उलटे. लोक हसू लागले. तेवढ्यात त्याला मागच्या बाकावर टॅबिथा दिसली.

"टॅबिथा, ये गं! जरा मदत कर."

ती आली. आतले कडे चार घरे सरकवले आणि श्वास घ्यायच्या आत ते नाव लिहून दिले. ॲम्ब्रोज हसून म्हणाला, "शिकवलंय मीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटले, आता टॅबिथा मला घरी नेईल. तिने मला टेबलावर ठेवले आणि दाराकडे चालू लागली. ॲम्ब्रोजने दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. त्याने तिला फसवले, याचा मला राग आला. तिने मला सोडले, ते मात्र अजून सलते.

पुढे कितीतरी वर्षांनी ॲम्ब्रोज वारला. त्याच्या नातवाने मला एका ग्रंथालयाला देऊन टाकले. इथे काचेआड माझ्यापुढे पाटी आहे: 'ॲम्ब्रोज पील यांनी बनवलेली चकती'. शाळेतली मुले येतात आणि ती मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची धूळ पुसलीत, तर बरेच वाटेल. पण त्याआधी त्या कोणाच्या हातच्या, कोणाच्या डोक्यातल्या, एवढे विचारत जा. आणि ती पाटी वाचून झाली, की माझ्यासाठी एक नाव जोरात उच्चारा. टॅबिथा. हे नाव ऐकून मला फार वर्षे झाली आहेत.