पळणीत मागे राहिलेला

जानकीबाईंचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी वैतागलो होतो, हे आधीच कबूल करतो. मी शाळामास्तर, आणि गावचं पोस्टही माझ्याच गळ्यात बांधलेलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यात सांगलीच्या या बाईंनी वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतच्या सगळ्या पोस्टमास्तरांना पत्रं घातली होती. धाकटा भाऊ सत्यवान बारा वर्षांपूर्वी घर सोडून कोकणात उतरला, क्लॅरिनेट वाजवतो, बोलताना फार अडखळतो, आपल्या गावी आहे का?

होता. आचऱ्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. तिथे एका मुंबईकराच्या माडांच्या बागेत तो १९५५ पासून राखणीला होता. कुणाकडे जात नसे, कुणाशी बोलत नसे. गाव त्याला 'पिपाणीवालो' म्हणायचं. सहा वर्षांत त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर पोस्टमास्तर. त्याला कधी पत्रच आलं नाही, मग नाव हवं कशाला!

मी चार ओळी लिहून कळवलं की आपले बंधू दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात वारले, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी दुसरं पत्र आलं. त्यात रडणं नव्हतं. एकच प्रश्न होता: 'शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? एवढं कळवा, मग मी त्रास देणार नाही.'

याचं गावाकडे तयार उत्तर होतं. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव पोराबाळांसकट, गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन माडाच्या झापांच्या खोपींत राहतं. तेवढे दिवस गाव देवाचं. मागे चिटपाखरू ठेवायचं नाही. त्या मार्गशीर्षातल्या पळणीत पिपाणीवालो मागे राहिला, म्हणून देवानं नेला. विषय संपला.

हे एका बहिणीला कसं लिहायचं? म्हणून मी विचारत सुटलो.

आधी गुणाजीकडे गेलो. गुणाजी गावचा मानकरी, पळणीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. तो म्हणाला, एकदा पिपाणीवालो देवळात भजनाला आला होता. सगळे अभंग म्हणत होते आणि हा वाजवता वाजवता भलत्याच वाटेला लागला. बुवांनी हात वर करून थांबवलं. त्यानं वाद्य पुसलं, पिशवीत घातलं, देवाला नमस्कार केला आणि गेला, तो पुन्हा देवळाची पायरी चढला नाही. मला जानकीबाईंच्या पत्रातलं आठवलं. कोल्हापूरच्या बँडवाल्यांनीही त्याला असंच काढलं होतं. वरातीत हा आपलंच काही वाजवायचा आणि नवरीकडच्या बायका रडायला लागायच्या.

"आणि मेलो कसो?" मी विचारलं.

गुणाजीनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तरानू, मियां उचललंय त्याका. पाय गुडघ्याखाली मोडलेलो होतो. मांडीयेपर्यंत सुजलेलो. चार दिवस आदीचो तरी असतलो." ही गोष्ट त्यानं दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. देवाचा कोप म्हटल्यावर पायाचं कशाला बोला, असं त्याला वाटलं.

मग तुळसाकडे गेलो. ती मासेवाली, रोज त्याच्या बागेवरून जाणारी. त्याच्याशी गावात कुणाचं काही होतं तर हिचं. माझा प्रश्न ऐकून तिनं टोपली खाली ठेवली आणि तिथेच वाळूत बसली.

तिनं सांगितलं ते असं. त्याला शब्द फुटत नसे, म्हणून तो तिला वाद्यावर हाक मारायचा. एकदा वाजवायचा, थांबायचा, पुन्हा एकदा वाजवायचा आणि वाट बघायचा. पळणीच्या पहिल्या दिवशी दुपारी खाडीवरून वारा आला आणि वेशीबाहेर तिला ती हाक ऐकू आली. सगळ्यांनाच आली. तुळसा उठली, तर बायकांनी तिचा पदर धरला. आमच्याकडे समज असा की पळणीत रिकाम्या गावात भुतंखेतं फिरतात आणि ओळखीच्या आवाजात हाका मारतात. पण त्यांना तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही. तीन दिवस ती हाक येत होती. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. प्रत्येक वेळी दोनदाच. तिसऱ्या दिवशी दुपारी थांबली.

"तिसरी इली असती तर माका कोण अडवणार होतो?" तुळसा म्हणाली. "पण त्याका तिसरी म्हायतच नव्हती, मास्तरानू. रोज दुसऱ्या हाकेक मियां दारात पोचत होतंय."

मी उठून घरी आलो. गावाला दोष देऊन मोकळं व्हावं असं फार वाटत होतं. पण एक गोष्ट होती, जी तुळसाला माहीत नव्हती.

पळणीच्या आदल्या दिवशी त्याला निरोप सांगायला गुणाजीनं मलाच पाठवलं होतं. मी कुंपणाबाहेर उभा राहून ओरडलो, उद्या गाव सोडायचं आहे. तो पडवीत बसला होता, पायांवर घोंगडी. उठला नाही. मास्तर दारात उभा आणि हा बसून राहतो, म्हणून माझं डोकं फिरलं. त्यानं तोंड उघडलं, शब्द आला नाही, तसं वाद्य उचललं. एकदा वाजवलं, थांबला, पुन्हा वाजवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माज बघा, मास्तराला पिपाणीनं उत्तर देतोय. "कळलं ना? मग झालं," असं म्हणून मी पाठ फिरवली. गुणाजीला सांगितलं, जातो म्हणाला.

म्हणाला! त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

आणि वेशीबाहेर पहिली हाक आली तेव्हा गुणाजीनं सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, पिपाणीवालो गेलो मां? मी छातीठोकपणे सांगितलं, गेला, मी स्वतः सांगून आलोय. मग वाजवतंय कोण, असं कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

जानकीबाईंना लिहिताना तीन कागद फाडले. माझ्याच्याने होईना. शेवटी लिहिलं: 'अखेरचे तीन दिवस सत्यवान वाजवत होते. लहानथोर सगळा गाव ऐकत होता. लोकांनी हात जोडले होते.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि एवढं मोठं खोटं मी जन्मात लिहिलेलं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. 'माझ्या भावाचं आयुष्यात कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही. ना बोलणं, ना वाजवणं. बारा वर्षं मला वाटायचं, तो कुठेतरी एकटा मरेल. तुमच्या गावानं तीन दिवस त्याचं ऐकलं, हात जोडले. आज मी देवापुढे साखर ठेवली. गावाला माझा साष्टांग नमस्कार सांगा.'

तुळसा दोनदा पोस्टात येऊन गेली. बायेन काय लिवल्यान, विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, पत्राची पोच आली.