नावातला पाहुणा

शेवरे मच्छीमार सोसायटीला पन्नास वर्षं होत आली होती आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर काय छापायचं यावर तीन मीटिंगा होऊन गेल्या होत्या. कुणी होडी सुचवली. प्रत्येक स्मरणिकेवर होडीच असते म्हणून ती बाद झाली. कुणी नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचा फोटो काढून दाखवला, पण त्यात मागच्या चेअरमनचं तोंड फारच मोठं आलं होतं, म्हणून तोही बाद झाला. शेवटी आताच्या चेअरमनने, म्हणजे गणराजने, तोडगा काढला. आसपासच्या गावांत कम्प्युटर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्र्याण्णव साली आपल्या सोसायटीत तो आला होता. त्याचाच फोटो टाकायचा. सगळ्यांना पटलं. अडचण एवढीच होती, की तसा फोटो त्या वेळी कुणी काढलाच नव्हता.

मग नवा काढायचं ठरलं. फोटो नवा, पण दिसला पाहिजे जुना. मुरूडच्या शुभमला काम दिलं. तो एरवी काशीदच्या बीचवर लग्नाआधीच्या जोडप्यांना धावायला लावतो आणि त्यांचे फोटो काढतो. आणि त्या काळी ऑफिस नेमकं कसं दिसत होतं हे सांगायला सुचिताला बोलावणं गेलं.

त्या कम्प्युटरवर बसलेली पहिली ऑपरेटर सुचिता. आता साठीची, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेली. नाकासमोर चालणारी बाई. गावात तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. एवढ्या वर्षांत सुचिताताईंच्या हातून टायपिंगची एक चूक झाली नाही, असं सगळे सांगत. स्मरणिकेत तिच्यावर लेखच होता आणि त्याचा मथळा होता 'बिनचूक सुचिताताई'. कौतुकाने गणराजने तिला प्रुफं पाठवली होती. तिने ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा बाराव्या पानावर येऊन अडकली. तिथे त्र्याण्णव सालच्या सभासदांची यादी होती. एकेचाळिसावं नाव होतं, श्री. मनुभाई हिराजी चोगले. आणि चौदाव्या पानावर गणराजच्या बायकोचा पानभर फोटो होता, खाली ओळ: सोसायटीच्या पहिल्या महिला सभासद, सौ. हेमाली, २००९.

उद्या सकाळी हे सगळं अलिबागच्या छापखान्यात जाणार होतं. तोंड उघडायचं तर आजच, हे सुचिताला कळत होतं.

ती पोचली तेव्हा शुभमने निम्मी तयारी केली होती. गोदामात फाटक्या जाळ्यांखाली जुना मॉनिटर सापडला होता. त्याच्या पोटातलं सगळं काढून शुभमने आत टॅब बसवला होता आणि त्याला कीबोर्ड जोडला होता. टाइप केलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. भिंतीवर त्र्याण्णवचं कॅलेंडर होतं, तेही त्यानेच छापून आणलेलं. खुर्चीत पूनम बसली होती. ती सोसायटीची आताची क्लार्क. तिने सुचिताचीच जुनी वॉयलची साडी नेसली होती आणि दोन वेण्या घातल्या होत्या.

"वेण्या सोड," सुचिता म्हणाली. "मी सत्तावीस वर्षांची होते, शाळेत जात नव्हते. आणि चपला बाहेर काढ."

"चपला फोटोत दिसत नाहीत ताई," शुभम म्हणाला.

"तिला कळेल ना. कम्प्युटरच्या खोलीत चेअरमनसुद्धा चपला काढून यायचे. देवघराला नसेल एवढा सोवळ्या-ओवळ्याचा थाट होता या खोलीचा."

पूनम मुकाट्याने अनवाणी आली. मग सुचिताने टेबलावरचा माउस उचलून खिडकीत ठेवला, कारण त्या कम्प्युटरला माउस नव्हताच. मॉनिटरच्या कपाळावर कुंकवाचं बोट उमटवलं. कव्हर म्हणून फुलाफुलांच्या पडद्याचं कापड हवं होतं, ते पूनमने घरून आणलं. खोलीत एसी होता हे सांगताना सुचिताला हसू आलं. गावातला तो पहिला एसी. एकदा पाहुण्यांसाठी आणलेली पापलेटं तेव्हाचे चेअरमन रघूनाना यांनी टोपलीसकट इथेच ठेवली होती. चार दिवस कम्प्युटरला वास येत होता, आणि मुंबईहून आलेल्या साहेबाला वाटलं मशीनमध्येच काहीतरी जळतंय. शुभम हसता हसता खाली बसला.

"आता पडद्यावर काय टाकू?" त्याने विचारलं. "वेलकम टाकतो, मोठं."

"वेलकम कधी नव्हतं. सभासदांची यादी असायची."

"मग यादीच टाका," दारातून गणराज म्हणाला. तो नुकताच आला होता आणि चपला बाहेर काढून आत शिरला होता, हे सुचिताला बरं वाटलं. "पान बारावरची घ्या ताई. बघून टाइप करा."

"बघायला नको," सुचिता म्हणाली.

पडद्यावर वीसेक ओळी मावत होत्या. पूनमला उठवून ती खुर्चीत बसली आणि पहिली तीस नावं सोडून तिने एकतीसपासून सुरुवात केली. का, ते कुणी विचारलं नाही. तेव्हा सगळी नावं इंग्रजी अक्षरांत घालावी लागत, मराठी त्या मशीनला येत नव्हतं. बोटं आपोआप चालत होती. बत्तीस, तेहतीस. यातली अर्धीअधिक माणसं आता नव्हती. चाळीसपर्यंत ती न थांबता आली, आणि एकेचाळिसावर थांबली.

मनुबाई चोगले ही सुचिताच्या शेजारची. नवरा गेल्यावर तिने होडी विकली नाही, खलाशी ठेवले आणि स्वतः बंदरावर उभी राहून मासळी उतरवून घेऊ लागली. होडी नावावर, म्हणून चौऱ्याऐंशी साली ती सोसायटीची सभासद झाली. पुरुषांच्या मीटिंगमध्ये एकटीच बाई, पदर खोचून मागच्या बाकावर. हे सगळं सुचिताने डोळ्यांनी पाहिलं होतं. लहानपणी तिच्या अंगणात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलायला बसून सुचिता अभ्यास करायची.

आणि तरीही नोकरीच्या तिसऱ्या दिवशी सुचिताने ते नाव टाइप केलं तेव्हा मागे उभा असलेला मुंबईचा इंजिनिअर म्हणाला होता, "बेन, यहाँ भाई लिखो. मच्छीमार की लिस्ट में बाई कैसे आएगी?" तो गुजराती, त्याच्या गावात मनुभाई असतील शंभर. सुचिताला तोंड होतं. ही बाईच आहे, माझ्या शेजारी राहते, एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी पक्की नव्हती, साहेबाला अडवायचं कसं, म्हणून तिने मागे जाऊन एक एच घातला. पेशवाईत ध चा मा झाला, शेवऱ्यात ब चा भ झाला. तिकडे निदान इतिहासात नोंद तरी झाली.

ओळखपत्रं आली तेव्हा शिपायाने दारातच हाका मारल्या. मनुभाई चोगले, म्हणताच बंदर हसलं. पोरं तिला भाई आजी म्हणू लागली. मनुबाई कार्ड घेऊन सुचिताकडे आली. तिला वाचता येत नव्हतं. "बाय, माज्या नावात काय झालाय?"

"एक अक्षर जास्त पडलंय मावशी. कम्प्युटरमधून पडलं. काढते."

"कितवा?"

"सहावं. तुझं नाव सात अक्षरांचं, इथे आठ झालीत."

सुचिता चेअरमनकडे गेली खरी. रघूनाना म्हणाले, "यादी शिक्का मारून जिल्ह्याला गेली. आनि कम्प्युटर चुकत न्हाय सुचिता, मानूस चुकतो." ते बोलले ते अगदी खरं होतं, पण आपण काय बोललो हे त्यांना ठाऊक नव्हतं. चुकलेलं माणूस समोरच उभं होतं आणि त्याने तोंडातून शब्द काढला नाही. पुढे कम्प्युटर बदलले, यादी मात्र जुन्यातून नव्यात तशीच उतरत गेली.

मनुबाई ऑफिसवरून जाताना खिडकीत डोकवायची. "पावना गेला का?" त्या सहाव्या अक्षराला ती पावना म्हणायची. सुचिता म्हणायची, जाईल मावशी. असं चार-पाच वर्षं चाललं. मग मनुबाईने विचारणं सोडलं. तिने विचारलं की सुचिताला अपराधी वाटायचं, आणि विचारणं थांबलं तेव्हा त्याहून वाईट वाटलं.

"काय झालं ताई?" गणराज म्हणाला. "विसरलात?"

सुचिताने टाइप केलं. MANUBAI. गणराजने वाकून वाचलं.

"इथे चूक झाली तुमची. पहिलीच असेल." तो हसला.

"चूक त्र्याण्णव साली झाली," सुचिता म्हणाली. "कम्प्युटरची नाही, माझी. मला ठाऊक होतं ती मनुबाई आहे. साहेब म्हणाला भाई लिही, मी भाई लिहिलं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. पहिली महिला सभासद हेमाली नाही गणराज, मनुमावशी आहे. चौऱ्याऐंशी सालची."

शुभम उगाच कॅमेऱ्याची काच पुसू लागला. गणराज खुर्ची ओढून बसला. माणूस वाईट नव्हता, पण चेअरमन होता.

"ताई, रेकॉर्डला भाई आहे. जिल्ह्याच्या यादीत भाई आहे. फोटोत बाई आली तर लोक म्हणतील, सोसायटीने खोटं केलं."

"अरे, फोटो खोटाच आहे. मॉनिटर पोकळ आहे, हिच्या अंगावर माझी साडी आहे, कॅलेंडर याने परवा छापलंय. त्यात एवढं एक नाव तरी खरं असू दे."

"आणि तुमचा लेख? बिनचूक?"

"मथळा बदल. मला तो नकोच आहे."

बढाई मारणारी बाई नव्हती ती, पण बिनचूक हा शब्द तिने तेहतीस वर्षं मंगळसूत्रासारखा वापरला होता. तो काढून ठेवताना गळ्याला जाणवणारच.

गणराज फोन घेऊन बाहेर गेला. हेमालीशी काय बोलला ते ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा चेहऱ्यावर पराभव आणि सुटका दोन्ही होतं. "ती म्हणते, भाई आजीचा फोटो लावा त्या पानावर. म्हणते, माझे डोळे तसेही मिटलेले आलेत." मग जरा थांबून म्हणाला, "भाई आजी म्हणाली हो ती अजून. सवय. मी पण तेच म्हणतो."

पूनम साडी सावरत समोरच्या कोळीवाड्यातून मनुबाईला घेऊन आली. ब्याऐंशी वर्षांची मनुबाई काठी टेकत आली, दाराशी थांबली आणि कुणी न सांगता चपला काढून आत आली. कम्प्युटरची खोली, हे तिला पाठ होतं. पूनम परत खुर्चीत बसली, तेव्हा तिच्या साडीकडे मनुबाईने निरखून पाहिलं. "ही सुचिताची हाय," ती म्हणाली.

"मावशी, इकडे ये." सुचिताने पडद्यावरची ओळ दाखवली. "हे तुझं नाव."

मनुबाईने काठी पूनमकडे दिली. वाकून तिने बोट काचेवर ठेवलं, मासळीच्या टोपल्या मोजाव्यात तसं एकेका अक्षरावर टेकवत पुढे नेलं. ओठ हलत होते. पाचव्या अक्षरावर बोट जरा रेंगाळलं, मग सहाव्यावर गेलं, मग सातव्यावर. पुढे काही नव्हतं. तिने परत पहिल्यापासून मोजलं.

"सात," ती म्हणाली. "पावना गेला का?"

"गेला मावशी. पुस्तकातून पण जाणार, आणि कार्डावरून पण." सुचिताने मागे वळून पाहिलं, गणराजने मान डोलावली. मग ती म्हणाली, कारण हे राहिलं असतं तर बाकी सगळ्याला अर्थ नव्हता, "तो कम्प्युटरमधून नव्हता पडला. मीच बसवला होता."

"ठाव हाय मना," मनुबाई म्हणाली. बोट अजून काचेवरच होतं. "मशीनीला कुठं बोटं असतात?"

शुभमने तेवढ्यात फोटो काढला. मुखपृष्ठावर तोच गेला. पूनमची पाठ, हिरवी अक्षरं, आणि एका नावाखाली टेकवलेलं म्हातारं बोट. शुभम म्हणत होता बोट पुसून टाकतो, काळाला धरून नाही. गणराजने पुसू दिलं नाही.

पण सुचिताला त्या घडीला फोटोचं भान नव्हतं. "मग इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?" तिने विचारलं.

मनुबाईने काठी परत हातात घेतली.

"तू बोलशील म्हनून थांबलेले."