अँड्रोमेडाची घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, युद्धनौकेवरची. एकीची नाही, तीन नौकांची. तिघींचं नाव एकच, अँड्रोमेडा. ग्रीकांच्या पुराणात ही राजकन्या. आईने फुशारकी मारली, समुद्राचा देव कोपला, आणि आईबापांनी पोरीलाच राक्षसापुढे खडकाला बांधलं. असलं नाव इंग्रजांच्या आरमारातल्या म्हाताऱ्यांनी कौतुकाने तीनदा ठेवलं आणि विशीतली पोरं लढायला धाडली.

पहिली जळाली, दुसरी खडकावर फुटली. दर वेळी मला सोडवून पुढच्या नौकेवर टांगलं. खलाशांना मूल झालं की मला उलटी करून, पाणी भरून, त्यांच्या धर्माच्या रीतीने त्याचं बारसं करत आणि नाव माझ्या अंगावर कोरत. अशी सतरा नावं. माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच.

तिसरी मोडीत निघाली. मी फिरत फिरत कुवेतला, मीना अब्दुल्ला भागातल्या भंगाराच्या यार्डात आले. तिथला कारभार बघणाऱ्या नंदकुमारसाहेबांनी मला रिग्गई भागातल्या आपल्या घरी आरतीसाठी नेलं. या मराठी लोकांना साध्या वाटीवरही नाव घातल्याशिवाय चैन पडत नाही. साहेबांना माझ्यावर हवं होतं, 'कै. सखाराम यांच्या स्मरणार्थ'. त्यासाठी जुनी नावं घासून जागा करायची.

त्यांच्या मुलीने, क्षितिजाने, आधी सगळ्या नावांचे फोटो काढले. मग विचारलं, "बाबा, आजोबांसाठी दुसऱ्यांची पोरं का पुसायची?"

"कोण कुठली ती गोरी पोरं. मोठ्यांना शिकवू नकोस. चहा टाक."

तिने चहा टाकला नाही. यार्डातला शैलेश, मूळचा कुडाळचा, ग्राइंडर घेऊन थबकला. "साहेब, माणसांची नावां ही. नक्की पुसू मां?"

साहेबांनी होकाराची मान डोलावली. सतरा पोरं पिवळी भुकटी होऊन फरशीवर पडली.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं. आरती सुरू झाली. साहेबांनी ऐटीत माझी दोरी ओढली, मी हलले. आवाज नाही. पुन्हा ओढली. टाळ्या विस्कटल्या.

"घंटेच्या आतला लोलक माझ्याकडे आहे," क्षितिजा सगळ्यांसमोर म्हणाली. "सतरा नावं होती तशी कोरून आणा, मग देते."

नातेवाईक तिला संस्कार शिकवायला लागले. साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलंय.

तुम्हीही तिचीच समजूत काढायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. तीन नौकांवर हुकूम झाला की मी वाजले. आता नावं परत आल्याशिवाय मी वाजणार नाही.