पाचवं शील

"रोज किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांना वाटलं, चहाचं विचारताहेत. ते म्हणाले, "तीन-चार होतात साहेब. पाहुणा आला तर जास्त."

"चहा नाही हो, बाबा. दारू."

आबांच्या उघड्या पोटावर सोनोग्राफीचं चिकट औषध अजून तसंच होतं. ते पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "मी पीत नाही," ते म्हणाले.

"सगळे हेच सांगतात." डॉक्टर रागावले नव्हते. उलट समजुतीच्या सुरातच बोलत होते. "सूनबाईंसमोर संकोच वाटत असेल तर त्या बाहेर बसतील. पण लिव्हर वाढलंय. चरबीनं पांढरं दिसतंय. असली लिव्हरं मी रोज बघतो. पिणं बंद करा, एवढंच माझं औषध."

आबांनी सदऱ्याची बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं. करुणाला ते दिसलं, पण खांद्यावर चिमी झोपली होती.

जळगावहून अमळनेरला परतताना पॅसेंजरमध्ये आबा खिडकीशी बसले. एरवी गाडी सुटायच्या आत त्यांनी नातीला मागून घेतलं असतं. आज त्यांनी मागितलं नाही. आपणही दिलं नाही, हे करुणाच्या लक्षात आलं तेव्हा धरणगाव मागे पडलं होतं.

आबा म्हणजे आधार सपकाळे. अमळनेरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. भरलेल्या डब्याच्या झाकणाला कथलाचा डाग देऊन तो बंद करायचा, हे त्यांचं काम. पोचे पडलेले डबे कामगारांना स्वस्तात मिळत, त्यामुळे घरात पीठ संपेल पण तूप संपायचं नाही. निवृत्त झाल्यावर दोन गोष्टी उरल्या: ताटातलं तूप आणि रविवारची वंदना. विहारात आबा आधी शीलं म्हणत आणि मागून सगळी वस्ती. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. तिथं त्यांचा आवाज जरा चढायचा.

आणि हाच माणूस पितो? करुणा स्वतःलाच विचारत राहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती, दोन आठवड्यांनी सोमवारपासून जायचं होतं. नवरा यशवंत धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपात, शनिवारी यायचा. सासूबाईंचे, अक्कांचे, हात संधिवातानं वाकलेले. त्यांना लेकरू उचलवत नव्हतं. चिमीला दिवसभर आबाच सांभाळणार, असं ठरलं होतं. वर्षाचं लेकरू, दारात गटार, चुलीत विस्तव.

संशयाला एकदा घरात घेतलं की त्याला पाटही द्यावा लागतो. आबांचे डोळे लाल असतात, ते कारखान्यात डाग देतानाच्या इतक्या वर्षांच्या धगीनं असं ती इतके दिवस समजत होती. दुपारी ते गाढ झोपतात. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाकडे जातात, तिथं जुने सोबती भेटतात. कसले सोबती? ती त्यांचा टॉवेल धुवायला घेई आणि आधी नाकाशी नेई. उशाचा तांब्या विसळण्याआधी हुंगे. वास यायचा तो घामाचा, कांद्याचा. तरी तिचं समाधान होईना. हुशार माणूस बडीशेप खात असेल.

शेवटी शेजारच्या कुंदाबाईंशी बोलून तिनं चिमीची सोय त्यांच्याकडे लावली. घरात सांगितलं, तुमची तब्येत बरी नाही आबा, तुम्हाला आराम हवा.

"बरं," आबा म्हणाले. एवढंच.

त्या रविवारी विहारात नेहमीप्रमाणे आबा पुढे बसले. चार शीलं त्यांनी म्हटली. पाचव्याला ते थांबले. मागच्यांना वाटलं, ठसका लागला असेल. शेजारी बसलेल्या झिपरूनानांनी ते शील पुढं नेलं आणि वंदना पार पडली. आबा खाली बघत बसले होते. थांबण्याचं कारण त्या गर्दीत फक्त करुणाला कळलं.

घरी आल्यावर अक्कांनी तिला मोरीजवळ गाठलं.

"पोरी, त्याना टावेल कसाले हुंगस तू?"

करुणानं हातातली बादली खाली ठेवली.

"त्याना बाप दारू पिईसन मरना. तवापासून ह्या माणूसनी थेंब तोंडले लावा नही. तुले इचारनं व्हतं तं माले इचारती." अक्का दम घ्यायला टेकल्या, मग सावकाश बोलू लागल्या. पिण्याचं नाही, पण तुपाचं वेड त्यांना आहे, आणि ते कुठून आलं तेही त्यांनी सांगितलं. आबा लहान असताना गावात मोठ्या घरचं लग्न होतं. वरण-बट्टीची पंगत. यांची माणसं सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या कडेला बसवलेली. तूप वाढणारा ओळीनं येत होता. आधारनं कुस्करलेल्या बट्टीत बोटानं खळगा केला आणि वाट बघत बसला. वाढणारा त्यांच्या ओळीच्या तोंडाशी आला आणि भांडं घेऊन वळून गेला. पोरानं खळगा तसाच ठेवून कोरडी बट्टी खाल्ली. पुढे कारखान्यात लागल्यावर पहिल्या डब्यातलं तूप त्यांनी ताटात इतकं ओतलं की भाकरी तरंगली. "सारी उमर तसंच जेवना," अक्का म्हणाल्या.

करुणाला आपलाच हात आठवला. रोज सकाळ-संध्याकाळ त्या ताटात पळी रिकामी करणारा. आबा "आजून" म्हणत, आणि ती सून म्हणून वाढत असे.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जळगावला गेली. डॉक्टरांना तिनं सरळ विचारलं, "ते खरंच पीत नसतील तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खात्री आहे तुमची?"

"आहे." हे म्हणताना आपला आवाज आबांच्या पाचव्या शीलासारखा चढला, असं तिला वाटलं.

"मग खातात काय?"

तिनं सांगितलं. तूप, तळण, दुपारची भजी, गोड चहा, निवृत्तीनंतरचं बसणं. डॉक्टर ऐकत गेले तसे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी कागदावर एक पेशी काढली. बी.एस्सी.ला अशा पेशी करुणानं कितीतरी काढल्या होत्या, मध्यभागी केंद्रक ठेवून. डॉक्टरांनी आत एक थेंब काढला, मग दुसरा, मग ते थेंब एकत्र करून केंद्रक पार कडेला ढकललं. खर्चापेक्षा जास्त खाल्लं की उरलेलं चरबी होऊन लिव्हरच्या पेशीत असं जाऊन बसतं, ते म्हणाले. पेशी फुगते, लिव्हर वाढतं. चरबी दारूची की तुपाची, ते मशीनवर वेगळं दिसत नाही. "आमच्याकडे पिणारेच जास्त येतात, म्हणून आम्ही तोच प्रश्न आधी विचारतो. बाबांना मी उत्तर देऊ दिलं नाही, हे खरं. पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. तूप-तळण तोडा, रोज चालवा. पेशी रिकामी होते."

घरी आल्यावर तिनं आबांना सगळं सांगितलं. टॉवेलाचंही सांगितलं. मान वर करून बोलायचं ठरवलं होतं, ते मात्र जमलं नाही.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तू माय शेस. मायनी हुंगालेच पाहिजे. मी बी लहानपने मना बापले हुंगेल शे. बाप कामवरथून ऊना का पह्यले हुंगनं, मंग ठरावनं, घरमा थांबनं का बाहेर पळनं."

"आबा, तसं नाही—"

"ऱ्हाऊ दे. तूप सुटी जाई."

आणि ते सुटलं. रात्री त्यांनी पळीवर हात आडवा धरला. डाळीत भाकरी मोडून ते नेहमीपेक्षा हळू जेवले. अक्का चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. पुढच्या रविवारी आबांनी पाची शीलं म्हटली. पाचव्याला आवाज चढला नाही, एवढाच फरक.

कुंदाबाईंकडची सोय तिनं मोडली आणि सोमवारी कामावर गेली. संध्याकाळी परतली तेव्हा आबा ओट्यावर नातीला घेऊन बसले होते. चिमीचं नाक पुसलेलं, केस विंचरलेले.

सासऱ्यानं सुनेच्या हातात थेट लेकरू द्यायचं नाही, अशी त्यांची रीत. ते नेहमी चिमीला खाटेवर ठेवून बाजूला होत, मग करुणा उचलून घेई. आज ते उठले. नातीला तोंडाजवळ धरून त्यांनी तिच्या गालावर "हाऽऽ" असा लांब श्वास सोडला. चिमी खिदळली. त्यांनी पुन्हा सोडला, छाती रिकामी होईपर्यंत. मग ओट्यावरची खाट मागे टाकून ते पुढे आले आणि दमट, उबदार गालाचं ते लेकरू त्यांनी करुणाच्या अगदी चेहऱ्यापाशी धरलं. बघत मात्र रस्त्याकडे होते.

हुंगायचं नाही म्हणून करुणानं श्वास रोखला आणि लेकीला घेतलं. उंबरा ओलांडून घरात गेल्यावरच तिनं तो सोडला.